बाळाच्या आंघोळीचं पाणी

पहिल्या बाळंतपणाला मी अमरावतीहून माहेरी आले, तेव्हा उन्हं तापायला लागली होती आणि गावातला नळ बारा दिवसांनी येत होता. आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी खारट, ते भांड्या-धुण्याला. गोड पाणी नळाचं, पिण्यापुरतं.

लेक झाली. पंधरा दिवसांत तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं आंघोळ घालू नका." घरात गोड पाण्याचा एकच हंडा शिल्लक होता.

आईनं कुणाकडे काही मागितलं नाही. पण आम्ही दवाखान्यातून येत असताना समोरच्या शिलाईवाल्या चाचीनं बाळाला पाहून डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीनं दारात झाकलेली कळशी आणून ठेवली. नंतरच्या दिवशी शेजारच्या गुरुजींकडून बादली आली. मग गल्लीतल्या बायांनी आपसांतच दिवस वाटून घेतले. पाणी ठेवायचं, "पोरगी कशी हाय?" विचारायचं आणि जायचं. पुरळ हळूहळू मावळत गेलं.

एकदा मात्र बारा दिवस उलटले तरी नळ आला नाही. सगळ्यांचीच भांडी पालथी पडली. मी म्हटलं, "आई, आता पोरीले ओल्या फडक्यानं पुसून घेऊ." तेवढ्यात चाची अर्धी कळशी घेऊन आली.

"चाची, तुमच्याच घरी नसंन. काहून आनलं?"

"आमचे रोजे सुरू हायेत, बेटा. दिवसभर पानी पेते कोन?"

तिचे ओठ सुकून फुटले होते. तिनं पाय लांब केले, लेकीला पायांवर पालथं घेतलं आणि पेल्यापेल्यानं पाणी घालू लागली. लेक रडायची थांबली.

त्या दिवशी आई बाजारातून मोठं टरबूज घेऊन आली. सूर्य कलल्यावर ते घेऊन समोर चाचीकडे गेली. बाळाला घेऊन मीही मागोमाग गेले.

"भाबी, रोजा सोडाले आनलं."

"एवढं मोठं? घरी आमी दोघंच."

"मंग आमी बी बसतो," आई म्हणाली.

इतक्या वर्षांच्या शेजारात आईनं त्या घरात कधी घोटभर चहाही घेतला नव्हता. शिलाई मशीनजवळ चटईवर ती मांडी घालून बसली. अजान झाली. चाचीनं तोंडात खजूर टाकला आणि टरबुजाची पहिली फोड आईच्या हातात दिली.