बोअर कामाची पात

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला आणि सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली मी त्यात चिकटले, तेव्हा आमच्या भावकीत नोकरी करणारी पहिली बाई मीच. काय तो तोरा! भोंगा झाला की बांधाबांधाने मी अशी निघायची, जणू माझ्यावाचून कारखाना अडलाय. चुलत्यांनी मात्र बजावून ठेवलं होतं: तीन महिन्यांत कायम झाली तर ठीक, नाही तर घरी बसायचं आणि येईल ते स्थळ बघायचं.

माझं काम बाटल्या तपासण्याचं. धुतलेली चिमुकली बाटली दिव्यासमोर धरायची, तडा किंवा कचरा दिसला तर बाजूला काढायची. पहिल्या आठवड्यात वाटलं, किती गंमत! तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटले तरी बाटल्याच दिसायला लागल्या.

शेजारी बसणारी मुलगी पुण्याहून रेल्वेने यायची. वर्षभर कॉलेजात जाऊन आलेली. एकदा जांभई देत ती म्हणाली, "काय बोअर काम आहे गं!"

मी अर्थ विचारला. "कंटाळवाणं," ती म्हणाली. मला नवलच वाटलं. आमच्या घरी कंटाळा हा माणसाचा दोष. कंटाळा केला की पाठीत धपाटा बसायचा. काम कसं आहे हे कुणी विचारतच नसे. आणि ही खुशाल कामालाच नावं ठेवत होती! तो शब्द मला इतका आवडला की त्या दिवशी वाटभर मी तोच घोकत गेले. धुणं बोअर, शेणगोठा बोअर, चुलत्यांचं बोलणं तर फारच बोअर.

अडीच महिने झाले आणि माझ्या हातून तडा गेलेली एक बाटली पुढे गेली. सुपरवायझरसाहेब ती घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठं असतं? कामाचा कंटाळा करायचा असेल तर घरी बसा."

घरी बसा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कंटाळा मी करत नाही, साहेब. काम बोअर आहे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पुणेकरणीने तर डोळेच मिटून घेतले. आता संपली नोकरी, असं मला वाटलं.

साहेब हातातली बाटली खाली ठेवत म्हणाले, "बरं, बोअर आहे. मग करायचं काय?"

"पात बदलायची."

त्यांना काही कळलं नाही. मग मी सांगितलं. खुरपणीला प्रत्येक बाईच्या वाट्याला एकेक पात येते, म्हणजे आपापला पट्टा. कुणाला हरळी माजलेला, कुणाला सोपा. दुपारची भाकरी झाली की आमच्या बायका पाती बदलून घेतात, म्हणजे एकीचंच कंबरडं मोडत नाही. "इथंही तासाभराने बदला. बाटल्यांवरची बाई लेबलं चिकटवायला, लेबलांवरची बाटल्यांवर."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच तसं करून पाहिलं. चुका कमी झाल्या! आणि तीन महिने भरले त्या दिवशी कायम झाल्याचा कागद माझ्या हातात पडला. मी अक्षरशः पळत घरी आले.

आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. कागद, साहेब, बाटल्या, पात, सगळं मी एका दमात सांगितलं. तिला किती आनंद झाला! पिठाचेच हात माझ्या गालांवरून फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. मग विचारलं, "त्यो इंग्रजी सबूद काय म्हनालीस?"

मी पुन्हा सांगितला आणि अर्थही समजावला. कंटाळ्यात दर वेळी आपलीच चूक नसते, कधी कधी कामच तसं असतं.

"आसं बी आसतं व्हय?" ती हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मग चुलीकडेच बघत म्हणाली, "तुजी पात सायबानं बदलली. माजी कोन बदलायची गं?"

मी कागद फळीवर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाले, "आई, सरक."