विहिरीत सोडलेला रेडिओ

चामड्याच्या नव्या कव्हरचा वास आला की दुष्काळातलं उस्मानाबाद आठवतं. तिथल्या सगळ्यात मोठ्या दुकानात मी चामडी कव्हरातले रेडिओ विकायचो, आणि वाजवून दाखवल्याशिवाय रेडिओ विकायचा नाही हा शेठजींचा शिरस्ता होता. जळकोटच्या एका मावशींनी विचारलं, “हिरीच्या तळाला वाजंल का ओ? आमचे धनी दिसभर एकलेच खंदत्यात.” ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून रेडिओ घेऊन त्यांच्या गावी गेलो. काठावर गाणं छान लागलं. मग दोरानं रेडिओ कोरड्या विहिरीत सोडला, तशी गाण्याची खरखर झाली आणि तळाशी तीही थांबली. खालून धन्यांचा आवाज आला, “वरच ठिवा, तिथनं बेस ऐकू येत हुतं.” आजही लिफ्टमध्ये मोबाईलची रेंज गेली की मी वर बघतो.