कडीतलं कुंकू

“बंदूक बरी हाय ना?” असं कोणी उभ्या उभ्या विचारलं, की मलकापूरच्या हबीब मिस्त्रींचं डोकं फिरायचं. “भाजी हाय का बे, वास घेऊन सांगाले?” पंचेचाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत आलेला माणूस, बोलायला तिखट, पण हात लोण्यासारखा.

त्या दिवशी धामणगाव बढ्याहून चांगुणाबाई आल्या. सोबत गोधडीत गुंडाळलेली भाऊरावांची, म्हणजे नवऱ्याची, जुनी विलायती रायफल होती. चापाखालची कडी खाली ओढून परत वर केली की काडतूस आत सरकायचं. भाऊराव तिच्या आवाजानं रानडुकरं पळवायचे. ते गेल्यावर बाईंनी खटपट करून परवाना आपल्या नावावर घेतला होता. आता नूतनीकरणाला मिस्त्रींचा दाखला हवा होता. ‘निकामी’ लिहिलं, की रायफल सरकारजमा आणि पुढं भट्टीत.

मिस्त्रींनी आधी नळीत लांब काडी घालून खोली मापली. आत काडतूस नव्हतं. मग कडी ओढली. हलेना! सांध्यात लालसर थर बसला होता.

“या अल्ला! गंजानं खाल्ली हो भाभी.”

चांगुणाबाई पुढं सरकल्या. “म्या तं दर खंडेनवमीले तेल लावत होती!”

“कोनतं?”

“घरचं. जवसाचं.”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. जवसाचं तेल वाळलं की डिंकच. त्यांनी तो लाल थर नखानं खरवडला, आणि चक्क नाकाशी नेला.

“भाभी, हा गंज नाही. हे कुंकू हाय. इतकं? काऊन?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते गेल्यावर माह्या कपाळाले लावू देईना कोनी. मंग त्याहीच्या बंदुकीले लावत गेली. एकोणीस सालं. म्याच खराब केली का हो?”

एरवी मिस्त्रींनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज त्यांनी सांध्यात घासलेट सोडलं, बाईंसाठी चहा मागवला आणि स्वतः नमाज पढून आले. मग हलक्या हातानं पुसत, दमानं ओढत राहिले. खटकन् कडी उघडली! खालचं पोलाद नितळ होतं. नळी उजेडाकडं धरली, तर आतले आटे स्पष्ट दिसत होते.

“तुमच्या तेलानं अडकली होती, अन् त्याच तेलानं गंजापासून वाचली. यापुढं मशीनचंच तेल लावा. कुंकू लाकडी दस्त्यावर. कडीत नाही.”

“म्हन्जे लावू ना?”

“लावा की! कोन नाही म्हनते?”

दाखल्यावर त्यांनी ठसठशीत लिहिलं: चालू. बाईंचे डोळे भरून आले.

मिस्त्री मळकी फडकी जाळायच्या डब्यात टाकायचे. आजचं लाल झालेलं फडकं मात्र त्यांनी नीट घडी करून कागदात बांधलं आणि चांगुणाबाईंच्या हातात दिलं.

“हे तुमचं हाय भाभी. हे मले जाळता येनार नाही.”