उसन्या झोपेची खुर्ची

आमच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव, ते तिशी आली तरी चिकटून आहे. पाच वर्षं ती कारखान्यांसाठी शिकवणीच्या फिल्म बनवायची. आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, यंत्रात हात का घालायचा नाही, असलं सगळं. पगार वेळेवर होता. मग एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की नोकरी सोडलीय, एक छोटा विज्ञानपट करायचाय. 

कल्पना आमच्याच घरातली. मला काळजीने झोप येत नाही आणि तिचे बाबा उशीला डोकं टेकायच्या आत घोरायला लागतात. ते एकदा मला म्हणाले होते, "माझ्याकडे जास्तीची आहे, घे थोडी उसनी." भिंगरीने ते वाक्य उचललं. तिच्या गोष्टीत एक केंद्र आहे. तिथे एका माणसाची झोप काढून दुसऱ्याला देता येते.

मला वाटलं, आता चकचकीत यंत्रं येणार, निळे दिवे लागणार. आली ती भंगारवाल्याकडची दवाखान्यातली हिरवी खुर्ची. गच्चीवरच्या खोलीत ती ठेवून भिंगरी आठवडाभर तिला आणखी म्हातारी करत बसली. खुर्चीच्या हातांवर चहाचे डाग पाडले. बसायच्या जागेचं रेक्झिन ब्लेडने फाडलं आणि कडा बोटांनी घासून घासून मळवल्या. भिंतीवर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी सूचना चिकटवली आणि मग तिचाच एक कोपरा फाडला.

मी विचारलं, यंत्र कुठे आहे?

"पडद्यामागे. दिसणारच नाही. आई, दवाखान्यात गेलीस की तू यंत्रांकडे बघतेस का? तू पंखा का बंद आहे ते बघतेस."

ते खरं होतं. तिचं म्हणणं असं की पडद्यावरची माणसं ज्या गोष्टीचं नवल करतात ती खोटी दिसते, आणि जिच्याबद्दल कुरकुर करतात ती खरी वाटते. म्हणून सगळं माहितीपटासारखं करायचं. संगीत नाही, पाठ केलेले संवाद नाहीत. माणूस खुर्चीशेजारी उभा राहील, ती विचारेल, तो सुचेल ते सांगेल. अडखळला तर अडखळू दे.

तिच्या बाबांना हे काही पटेना. जुन्या साहेबांनी तिची जागा महिनाभर राखून ठेवली होती आणि यांचा सगळा जीव त्या जागेत. शेवटी बापलेकीची पैज लागली. एका जरी परक्या माणसाला हे खरं वाटलं, तर बाबा नोकरीचं नाव काढणार नाहीत. नाहीतर पहिल्या तारखेला भिंगरी गुपचूप कामावर जाईल. दोघांनी टाळी दिली.

शूटिंगच्या सकाळी ती दिवे आणायला गेली होती. आता, तिच्या बाबांनी उभी हयात डेपोत बसगाड्यांच्या सीट शिवण्यात घालवलेली. फाटकं रेक्झिन नुसतं पडून आहे हे त्यांना बघवत नाही. ते वर गेले, हिरव्या खुर्चीला घरात होता तो तपकिरी तुकडा लावून पक्के टाके घातले, डाग साबणाने पुसले आणि सुई हातात घेऊनच मोठ्या खुशीत मला बोलवायला आले. मी त्यांच्यामागून वर जाऊन पाहिलं आणि मटकन त्या खुर्चीतच बसले. बसायला मात्र छान झाली होती.

भिंगरी आली तशी मी उठले. ती खुर्चीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भडका उडतो. तिने टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि कॅमेरा खांद्यावर घेतला.

"बाबा, सुई खाली ठेवू नका. ही खुर्ची कितव्यांदा शिवताय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "तिसऱ्यांदा," ते म्हणाले, आणि जे सुरू झाले ते थांबेनात. डेपोतल्या सगळ्या जुन्या तक्रारी त्यांनी त्या केंद्राच्या माथी मारल्या. हिरवं रेक्झिन मागावं तर तपकिरी येतं. झोप द्यायला येतात ती माणसं गुणी, घ्यायला येतात ती उठताना नखं रुतवतात. "यंत्राचं तेलपाणी दर महिन्याला होतं. खुर्चीला कोण विचारतंय?" मध्येच मी खाली जाऊन जेवायला हाक मारली. "आलो," असं ओरडून ते पुन्हा बोलायला लागले. भिंगरीने तेही फिल्ममध्ये ठेवलं.

फिल्म एका लहानशा सभागृहात दाखवली. मी पदराचं टोक पिळत बसले होते. लोक हसले, पण ते हसणं ओळखीच्या माणसाला बघून हसतात तसलं होतं. दिवे लागल्यावर शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या.

"हे केंद्र कुठे आहे हो? माझ्या वडिलांना झोपच लागत नाही. मी देईन माझी."

 भिंगरीच्या बाबांनीही ऐकलं होतं. भिंगरी पैज जिंकली होती, पण टाळी द्यायला कुणाचा हात उचलेना. तेवढ्यात ती आलीच. मी तिच्या कानात सांगितलं. ती त्या बाईंसमोर खाली बसली आणि आडपडदा न ठेवता बोलली. "ताई, असं केंद्र नाहीये. मी रचलंय ते. ती आमची गच्चीवरची खोली आहे."

बाईंनी मोकळ्या पडद्याकडे पाहिलं.

"वाटलंच होतं. पण तो खुर्ची शिवणारा? तो तरी खरा ना?"

"तो खरा. हे काय, तुमच्या मागेच उभे आहेत. माझे बाबा."

साहेब आल्यासारखे ते ताठ झाले. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग, मिळालं का हिरवं रेक्झिन?"

"कसलं मिळतंय," बाबा म्हणाले.

बाई हसल्या. भिंगरीने त्यांचा हात धरून ठेवला होता. मला माझ्या लेकीचा अभिमान वाटला तो लोकांना फसवता आलं म्हणून नव्हे. एवढं खरं वाटेल असं रचूनही, विचारल्यावर ती क्षणभरही त्याच्या आड लपली नाही, म्हणून.

पहिली तारीख येऊन गेली. नोकरीचं नाव घरात निघालेलं नाही. पुढे कसं होणार, या काळजीने मी अजून जागीच असते, आत्ताही आहे. पण काल तिचे बाबा बाजारातून हिरवं रेक्झिन घेऊन आले, आणि खुर्चीवरचा तपकिरी तुकडा ते उसवतील म्हणून भिंगरीने गच्चीवरच्या खोलीला कुलूप घातलं.