सुजेचा आकडा

धामणकर नाक्यावरच्या रक्ततपासणी केंद्रात तो मला एकदाच भेटला. माझ्याप्रमाणेच त्याच्याही हृदयाचा स्नायू दुबळा झाला होता. रक्तातला सूज दाखवणारा आकडा उतरला तर आशा आहे, चढला तर पुढचे कठीण, असे आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी बजावले होते. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो ओरडूनच बोले आणि बोलता बोलता अंगठ्याने घोट्यावरची सूज दाबून पाही.

दिलेली वेळ उलटूनही अहवाल मिळेनात, तेव्हा मी खिडकीशी जाऊन ग्राहक संरक्षण कायदा ऐकवू लागलो. त्याने माझी बाही ओढली.

"बसा ना काका! फुकट कशाला डोकं तापवता? रिपोर्ट येत न्हाय तोवर आपण दोघं ठीक हाय. माझा आकडा वाढला, तर मग भांडा. मी पण ओरडतो, लूमवाला हाय मी!"

मी दमून बसलो.

त्याचा अहवाल आला. त्याने तो वाचला, त्याची नीट घडी घातली आणि प्रथमच हळू आवाजात म्हणाला, "काका, आता भांडा."

तक्रारअर्ज लिहिण्यात माझी हयात गेली; पण या खेपेस प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव घालावे, ते न सुचून मी त्याच्याशेजारी नुसता बसून राहिलो.