उलटं करून बघायचं

प्रयोगशाळेतल्या मावशींना समुद्रातल्या गोगलगायींची जितकी किळस होती तितकी पालीचीही नव्हती. सव्वीस वर्षं त्याच गोगलगायी ओळखण्यावर त्यांची चूल पेटत होती, हा भाग वेगळा. ते बुळबुळीत अंग, बोटांना चिकटणारी लाळ आणि शंखातलं मांस काढायला उकडताना सुटणारा कुबट दर्प! साबणाच्या वड्या झिजल्या तरी हाताचा वास जाईना, म्हणून त्या घरी चमच्याने जेवत.

पण ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. "पाठीवर भुलायचं नाही," नव्या माणसाला त्या दटावत. "काळी, गोल, जाड पाठ काय, सगळीकडे सारखीच. उलटं करून बघायचं. तोंड अर्ध्या चकतीसारखं, आतल्या सपाट काठाला बारके दात, आणि तोंडावर दगडासारखं टणक झाकण. झाकण आहे म्हणजे घरमालक आत आहे."

वर्षातून एकदा सांडपाण्याच्या नाल्याशेजारी खडकांवर चौकट टाकून जिवंत गोगलगायी मोजायच्या. आकडा कोसळला तर नाला बंद करायचा, असा नियम. नाल्याला लागून असलेल्या गल्लीत मावशींची थोरली बहीण राहायची. शिंपले वेचायला ती रोज त्याच पाण्यात उतरे, आणि दोन वर्षांपासून तिच्या पायाला फोड येत होते.

"तुझा आकडा काय म्हणतो गं?" ताई विचारायची.

"गोगलगायी मजेत आहेत. पाण्याचं काही नाही, तू डॉक्टर बदल."

यंदा मोजणी उरकून मावशींनी नव्या माणसाने प्रथमच थेट नाल्याजवळून वेचून आणलेली नमुन्याची पिशवी उकळत्या पातेल्यात रिकामी केली, नाकाला रुमाल बांधला आणि थबकल्या. वास निराळा होता. वास खेकड्याचा होता. चिमट्याने एक शंख काढून उलटा केला. झाकण नाही, आत लाल नांगी. दुसऱ्यातही तेच. चाळीस शंखांपैकी अडतिसांत आयत्या बिळावर नागोबा, मेलेल्या गोगलगायींच्या घरात घुसलेले खेकडे.

खडकांवरचे चारशे बारा त्यांनीच मोजले होते. नाल्याजवळच्या त्या चिकट हिरव्या घाणीत हात घालायला नको, म्हणून उभ्याउभ्या, काठीने पाठी मोजत. गेल्या वर्षी तसंच, त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आज पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साहेबांचा आवाज कधी चढत नसे. गोगलगाय नि पोटात पाय, असा माणूस.

"मावशी, शंख तर चारशे बाराच आहेत ना? मग आकडा बरोबर आहे. आणि जुन्या कागदांवरही सही तुमचीच आहे. निवृत्तीला वर्ष राहिलंय, कशाला नाव घालवता?"

मावशींना वाटलं, उकडत्या पातेल्यात तोंड घातलेलं परवडलं, पण हे गोड बोलणं नको.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या पुन्हा खडकांवर गेल्या. काठी घेतली नाही. गुडघ्यांवर बसून एकेक शंख उचलला, उलटा केला, परत ठेवला. कोपरापर्यंत लिबलिबीत घाण चढली. दोनदा उलटी झाली, तोंड पुसून पुन्हा बसल्या. जिवंत निघाल्या एकोणीस.

तेवढाच आकडा त्यांनी लिहिला. जुने दोन्ही कागद मागवून घेतले आणि त्यांच्याखालीही लिहिलं: 'पाठी बघून मोजले. चूक माझी.' सही केली. साहेबांनी ते कागद दोन बोटांत धरून उचलले.

संध्याकाळी त्या तशाच ताईकडे गेल्या. ताईने पाय चादरीखाली ओढून घेतले.

"राहू दे. तुला किळस येते."

मावशींनी चादर बाजूला केली, पाय मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला. चिघळलेलं, पिवळं, बोटाला चिकटणारं. रुमाल मात्र त्यांनी नाकाला लावला नाही.

"एवढं कधी झालं गं?"

"तू डॉक्टर बदल म्हणालीस ना," ताईने करंगळीचं टोक दाखवलं, "तेव्हा एवढंच होतं."