यार्देनेत सोडलेलं भरीत

बऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेत लोटू स्टोव्हवाला म्हटलं, की कुणीही बोट करून दुकान दाखवी. दुकान म्हणजे काय, दोन फळ्या, एक पेटी आणि वर टांगलेल्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. स्टोव्ह का रुसला आहे, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. माणसं का रुसतात हे मात्र त्याला उभ्या जन्मात कळलं नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्याच वाट्याला असले प्रसंग जास्त येतात.

तो मूळचा तुकईथड गावचा, कपाशी पिकवणाऱ्या घरातला. तरणाताठा असताना तापाने मरायला टेकला होता. घरच्यांनी आशा सोडली, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या बायांनी त्याला उठवून बसवलं. बरा झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ज्या देवाच्या माणसांनी आपल्याला वाचवलं त्या देवाचं आपण व्हायचं, एवढा त्याचा सरळ हिशेब. पाद्र्यांनी नाव ठेवलं लूक. त्याची बायको कमल रागावली की तेवढ्यापुरती त्याला लूक म्हणायची, बाकी जगाला तो लोटूच राहिला.

तुकईथडला मात्र त्या दिवसापासून त्याची जागा ओट्यावर गेली. थोरला भाऊ गिरधर त्याच्याशी बोले, शेतातलं दाखवी, पण उंबऱ्याच्या आत या म्हणत नसे. लोटूची जर्मनची थाळी बाहेर खुंटीला टांगलेली असे. त्याची माय, मनकर्णा, त्याला वरून पाणी वाढी. तिने मुलावरची माया रतीभरही कमी केली नव्हती. हिवाळा लागला की निरोप यायचा, वांगी आली, ये. मग ती तुराट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात घालायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ओट्यावर आणून द्यायची. लोटू खायचा आणि ती दारात उभी राहून बघायची. पण त्याच्या हातचा पाण्याचा थेंब तिने कधी घेतला नाही.

हे एकच शल्य लोटूच्या मनात रुतून बसलं होतं. माय आता वाकली होती. आज ना उद्या तिच्या तोंडात शेवटचं पाणी घालायची वेळ येणार. तेव्हा सगळं गाव तिच्याभोवती बसेल आणि आपण ओट्यावर बसू, हे त्याला डोळ्यांपुढे दिसायचं आणि हातातला पाना तसाच राहायचा.

अशात मध्यप्रदेश नवा झाला. इतकी वर्षं नागपूरकडे तोंड करून बसलेलं बऱ्हाणपूर आता भोपाळकडे वळायला शिकत होतं. कोणता कागद कुठे पाठवायचा हे साहेबांनाही कळत नव्हतं. चर्चमध्येही तेच वारं. सगळ्या मंडळ्यांनी, म्हणजे निरनिराळ्या पंथांच्या चर्चनी, एक व्हायचं, अशी बोलणी वरती चालली होती. त्याच उत्साहात कुणीतरी टूम काढली, की वेगवेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी मिळून येशूच्या देशाची यात्रा करावी. मायदेशी परतलेल्या एका मिशनच्या बाईंनी बऱ्हाणपूरच्या एका माणसाचा खर्च उचलला होता. कुणी जायचं यावर मंडळीत इतकी वादावादी झाली, की शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली लोटूची. ज्याने कधी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती त्याची!

बातमी फुटली आणि इतवाऱ्यातल्या लोकांना ती कुठे ठेवावी हे कळेना. समोरचा कापडवाला मोतीलाल हार घेऊनच आला.

"लोटूभाऊ, आप तो हाजी हो गये!"

"हाजी नाही रे बाबा," लोटू म्हणाला. "आपलं वेगळं असतं."

"वेगळं काय? जहाजात बसून देवाकडे चालला ना? मंग झालं."

 लोटूने मान वाकवून हार घालून घेतला.

निघायच्या आधी तो तुकईथडला गेला. माय ओट्याच्या कडेला बसून ऐकत होती. देव तिथेच जन्मला, तिथल्याच नदीत त्याने स्नान केलं, हे त्याने सांगितलं तशी ती सावरून बसली.

"म्हंजे तीर्थच हाये ते."

"आमच्यात तसं नाही म्हणत, माय."

"तुमच्यात काय म्हंतात ते तुमच्यापाशी ठेव. देवानं आंग धुतलं ते पानी तीर्थच." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तीर्थाले इटाळ नसतो, लोटू. काशीची गंगा कोनाच्याबी हातून घेतात. तू आन. तुह्या हातानं पेईन मी."

लोटू तडक बऱ्हाणपूरला परतला. त्याने पिशवीत सर्वांत आधी टाकली ती स्वच्छ धुतलेली, बुचाची बाटली.

मुंबईहून जहाजाने बसऱ्याला आणि तिथून मोटारींनी वाळवंट ओलांडून हा काफिला निघाला. पुढारी होते नागपूरचे पाद्री मधुकरराव साळवी, शिकलेले, प्रेमळ आणि प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण खिशात घेऊन हिंडणारे. लोटूची गट्टी जमली ती निर्मलाबाईंशी. त्या कॅथलिक, जबलपूरकडच्या एका दवाखान्यात नर्स. सगळ्या मंडळ्या एक करायला निघालेली ही माणसं सकाळची प्रार्थना गुडघ्यावर करायची की उभ्याने, यावरच बसऱ्यापर्यंत भांडली. लोटू निम्मी गुडघ्यावर करी आणि निम्मी उभ्याने, म्हणजे कुणाला वाईट नको.

यरुशलेमात तर त्याचं डोकं चालेनासंच झालं. येशूच्या कबरेवरचं ते मोठं चर्च, पण आत प्रत्येक पंथाचा कोपरा वेगळा, दिवे वेगळे, झाडायच्या पायऱ्यासुद्धा वाटून घेतलेल्या. दाराची किल्ली मात्र एका मुसलमान घराण्याकडे, भांडणाऱ्या भावांनी शेजाऱ्याकडे ठेवावी तशी. ते ऐकून लोटूला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

बेथलेहेमात नाताळ झाला. रात्रभर जागून लोटू भरून पावला, तर सकाळी कळलं की दुसऱ्या पंथांचा नाताळ अजून व्हायचा आहे आणि तिसऱ्यांचा त्याच्याही नंतर.

"मंग प्रभू नक्की जन्मला कधी?" त्याने पाद्रीसाहेबांना विचारलं.

साळवींनी पंचांगांचा सगळा इतिहास समजावला. लोटूने मान डोलावली. त्याला जेवढं आधी कळत होतं तेवढंही आता कळेनासं झालं होतं.

आणि मग आली यार्देन, नकाशातली जॉर्डन नदी. लोटूने मनात तापीसारखं काहीतरी रुंद पात्र धरलं होतं. प्रत्यक्षात हा गढूळ ओहोळ, दोन्ही काठांना बोरू माजलेला. पण तो चपला काढून, धोतर खोचून आत उतरला आणि त्याच्या अंगावर काटा आला. हीच ती नदी. त्याने बाटली बुडवली, बूच लावलं आणि वर धरून पाहिली. गाळ हळूहळू खाली बसत होता. त्याला मायचा पुढे केलेला हात दिसला.

काठावर पुन्हा जुंपली होती. काहीजण बाटल्या भरत होते, काहीजण तोंडं वाकडी करून उभे होते. साळवी लोटूजवळ आले. ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट झालं. रागावले असते तर लोटूने बाटली पोटाशी धरून ठेवली असती.

"पाणी हे पाणीच असतं, लोटूभाऊ," ते मायेने म्हणाले. "गंगेची बाटली आपण सोडली ती यार्देनेची भरायला का?"

"भरू द्या हो त्यांना!" निर्मलाबाई काठावरून ओरडल्या. "तुमचं काय जातं?"

"श्रद्धा जाते," साळवी म्हणाले.

सगळे लोटूकडे बघू लागले. ज्या लोकांनी आपल्याला जीवदान दिलं, त्यांच्याच बोलण्याबाहेर आपण चाललो आहोत, असं त्याला वाटलं. लाज अशी चढली, की विचार करायला जागाच उरली नाही. त्याने बूच काढलं आणि बाटली उलटी केली. भकभक करत पाणी नदीचं नदीला मिळालं. साळवींनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि ते वर गेले.

लोटू तसाच गुडघाभर पाण्यात उभा. बाटली रिकामी झाल्यावर त्याला कळलं, की आपण काय केलं. आता मायला काय देणार? मोटारीचा भोंगा वाजत होता. पुन्हा भरावी तर सगळे वरून बघताहेत. त्या घालमेलीत त्याच्या हातून जे झालं ते कुठल्या पाद्र्याने शिकवलेलं नव्हतं. तुकईथडची माणसं काशीला गेली, की गंगेत उभी राहून एखादी जिवाची आवडती वस्तू सोडून येतात, जन्मभरासाठी. लोटूचा आजा गूळ सोडून आला होता. लोटूने हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "मायच्या हातचं भरीत सोडलं."

म्हटलं आणि दचकलाच. हे आपण कुणाला सांगितलं? प्रभूला, की मायच्या देवांना? परत घेता येतं का? भरीतच का आलं तोंडात? मिरची सोडली असती, चहा सोडला असता!

"काय पुटपुटलात?" तो वर आल्यावर निर्मलाबाईंनी विचारलं. त्याने सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसू थांबवून म्हणाल्या, "उपासकाळात आम्हीही सोडतो काहीतरी. चाळीस दिवस. तुमचे किती?"

"आमच्यात दिवस नसतात," लोटू म्हणाला. "सोडलं ते सोडलं."

हे 'आमच्यात' कुणाच्यात, हे त्या दोघांनाही नीट कळलं नाही.

बऱ्हाणपूरला परतल्यावर हारतुरे झाले. मोतीलालने त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला, लोटूने पाय मागे घेतले. चर्चमध्ये त्याला चार शब्द बोलायला उभं केलं, तर तो "फार गर्दी होती, फार चांगलं होतं" एवढं बोलून खाली बसला. कमलला त्याने नदीवरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तापीचं भरून न्या. मायला काय कळणार आहे?" लोटूला हे पटलं असतं तर फार बरं झालं असतं. पण देवाच्या नावावर मायला फसवायची त्याची छाती झाली नाही. आठवडा त्याने ढकलला. मग खकनारपर्यंत बस आणि पुढे बैलगाडी करून तो रिकाम्या हाताने तुकईथडला पोचला.

ओट्याशी थांबायची त्याला सवय. पण गिरधर पाण्याची घागर घेऊन दारात उभा होता. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे असतात. त्याने खाली मान घालून धाकट्या भावाचे पाय धुतले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मधी चाल. माय वाट पाहून राह्यली."

लोटूने उंबरा ओलांडला. ऐन तारुण्यात सोडलेलं घर त्याने आता पिकल्या केसांनी आतून पाहिलं. चुलीपाशी पाट मांडला होता. खुंटीवरची जर्मनची थाळी नव्हती. घरातलं पितळी ताट होतं आणि त्यात कळण्याची भाकरी आणि वाफाळतं भरीत. तुराट्यांचा धूर अजून घरात रेंगाळत होता. वास नाकात गेला आणि लोटूला नदीतले आपले शब्द आठवले.

"बस," माय म्हणाली. "आन तीर्थ."

"नाही आणलं, माय."

"नाही?"

"भरलं होतं. पाद्रीसाहेब म्हणाले पाणी पाणीच असतं. मी सांडून टाकलं."

"मंग येवढ्या लांब काय पाहाले गेलता रे?" गिरधर ताडकन म्हणाला. मायने त्याला हाताने गप्प केलं, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने ताट लोटूकडे सरकवलं.

"जेव आधी. गार होते."

लोटूने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला.  हे खाल्लं, तर नदीतलं खोटं. नाही खाल्लं, तर मायने एवढ्या वर्षांनी आत बोलावून वाढलेलं ताट लोटलं. साळवींना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, खा, त्यात काही नसतं. आणि ते खरंही असेल. पण ज्यात काही नसतं ते असं घशात का अडकून बसावं?

"काहून? आवडत नाही काय आता?"

"सोडलं, माय."

"काय सोडलं?"

"भरीत. तुह्या हातचं. तिथंच, नदीत उभं राहून. तीर्थ सांडलं, मंग काय करावं समजलं नाही मले."

 माय त्याच्याकडे बघत राहिली.

"सारं जग सोडून भरीत सोडलं?"

"दुसरं काय आवडते मले?" लोटू म्हणाला आणि भर दुपारी, भावासमोर, हुंदके देऊन रडला.

मायने ताट उचललं. लोटूला वाटलं, झालं, आता ओटाही गेला. तिने ताट गिरधरच्या हातात दिलं, भिंतीला धरून उठली आणि माठाकडे बोट केलं.

"ऊठ. पानी काढ."

"मी?"

"मंग कोन? तीर्थाले जाऊन आला ना तू?"

ज्या माठाची सावलीही त्याने इतकी वर्षं टाळली, त्यात लोटूने तांब्या बुडवला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. माय खाली बसली आणि तिने सुरकुतलेली ओंजळ पुढे केली. त्याने पाणी घातलं. तिने डोळे मिटून ते प्यायलं, ओला हात पांढऱ्या केसांवरून फिरवला आणि पुन्हा ओंजळ धरली.

"अजून घाल."

ती पोटभर प्याली. मग पदराने तोंड पुसून तिने गिरधरकडे पाहिलं. तो अजून ते ताट घेऊन तसाच उभा होता.

"गिरधर," ती म्हणाली, "पुढल्या साली वांगे नको लावू रे."